कार्ड गेलंय, पण नक्की कार्डच गेलंय का?

आजचा विषय तसा छोटा, पण खिशाला मोठा. डेस्कटॉपच्या पडद्यावर रेघा येतात, रंगीत ठिपके येतात, मधेच सगळं काळं होतं. मशीन दुकानात नेलं की दोन मिनिटांत निकाल मिळतो, ‘ग्राफिक्स कार्ड गेलंय.’ हा निकाल कधी मान्य करायचा आणि कधी नाही, एवढंच आज बोलायचंय.

आपण कुर्डुवाडीत बसलोय, तर उदाहरण इथलंच घेऊ. मुंबईहून येणारी गाडी आपल्या जंक्शनला दोन तास उशिरा लागली, म्हणून कुणी इथल्या स्टेशन मास्तरांना दोष देत नाही. उशीर दौंडला झाला असेल, इंजिनामुळे असेल, सिग्नलमुळे असेल. इथे तो फक्त दिसला. पडद्याचंही तसंच आहे. बिघाड कुठेही होवो, दिसतो पडद्यावर. आणि पडद्याला चित्र पुरवतं कार्ड, म्हणून पहिला संशय त्याच्यावर.

आमची चूक आधी सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील मशीन घेऊन आले. मुलाने थ्रीडी ड्रॉइंग उघडलं की पाच-दहा मिनिटांत मशीन झटकन बंद. आम्ही कार्ड काढलं, मदरबोर्डवरून डिस्प्ले घेतला, दोन तास मशीन व्यवस्थित चाललं. म्हणजे दोष कार्डचाच, असं ठरवून आम्ही नवं कार्ड विकलं. चौथ्या दिवशी तेच मशीन, तीच तक्रार. दोष निघाला पॉवर सप्लायमध्ये. कार्ड काढल्यावर त्याच्यावरचा भार एकदम हलका होत होता, म्हणून ते तेवढ्यापुरतं धकत होतं. कार्ड परत घेतलं, पैसे परत दिले. पण उसाच्या बिलातून काढलेले ते पैसे आम्ही खुशाल मोजून घेतले होते, हे काही विसरता येत नाही. तेव्हापासून ‘कार्ड काढलं आणि चाललं’ हा पुरावा आम्ही एकट्याने मानत नाही.

मग मानायचं काय? सगळ्यात आधी त्रास कधी दिसतो ते बघा. मशीन चालू करताच कंपनीचा लोगो येतो, बायोसचा पडदा येतो, तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर अजून उठलेलाही नसतो. तिथेच रेघा दिसल्या तर ड्रायव्हर सुटला. शंका हार्डवेअरवर, म्हणजे कार्ड, केबल किंवा मॉनिटर. लोगो स्वच्छ आणि विंडोजमध्ये गेल्यावरच गडबड, तर ड्रायव्हर असू शकतो, आणि भार आल्यावर दमणारं कार्डही असू शकतं. इथे घाई नको.

दुसरी युक्ती फुकटची आहे. पडद्यावर ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या, तो मोबाईलवर पाठवा आणि तिथे बघा. फोटो काढू नका हं, स्क्रीनशॉटच. ठिपके त्यातही उमटले असतील तर ते चित्र तयार होतानाच बिघडलेलं आहे: कार्डची चिप, तिची मेमरी किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा चित्र वाटेत बिघडतंय. केबल बदला, कार्डचं दुसरं पोर्ट वापरा, मॉनिटर दुसऱ्या मशीनला लावून बघा. एचडीएमआयच्या एका सैल केबलपायी कार्ड बदलायला निघालेले लोक आम्ही पाहिलेत.

आता वीज. इथे जरा थांबू, कारण आपल्याकडचे निम्मे घोटाळे इथेच असतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. ही पिन अर्धवट बसली असेल, किंवा कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या सप्लायवर नुसताच ४५० वॅटचा आकडा छापलेला असेल, तर कार्ड बिचारं उपाशी राहतं. शिवाय आपल्याकडे मधे यूपीएस असतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. लाईट गेली, गेम चालू आहे, मॉनिटरही त्याच्यावरच, आणि सगळं बंद पडतं. त्यात कार्डचा काय दोष? आम्ही ढोबळ खूण अशी धरतो: सगळं मशीनच विझलं तर आधी सप्लाय आणि यूपीएस, मशीन चालू, फक्त पडदा काळा आणि कार्डचे पंखे जोरात भणभणतायत, तर कार्डचा संशय वाढला. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग बघा.

उष्णतेबद्दल सोलापूर जिल्ह्यात काय सांगायचं! मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली, तर कार्ड त्याच्या वरच राहणार. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू उघडा, तिथे तापमान दिसतं. भाराखाली ७० ते ८० अंश नेहमीचं आहे. सतत ९०च्या पुढे जात असेल तर आधी धूळ काढा, मशीन बंद करून, वायर काढून. ब्लोअर मारताना कार्डचा पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट फिरून खराब होतो. पेस्ट वाळली असेल तर ती बदलणं हे किरकोळ काम आहे.

ड्रायव्हरचं थोडक्यात. कार्डने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद राहते. ही नोंद म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही, गुन्ह्याची वेळ कळली एवढंच. सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, नवा टाका. त्याने गेलं तर पैसे वाचले. रॅमही एकदा मेमटेस्टवर तपासा.

शेवटचा आणि खरा पुरावा अदलाबदलीचा. संशयित कार्ड दुसऱ्या, धडधाकट मशीनमध्ये लावा आणि चांगलं कार्ड या मशीनमध्ये. त्रास कार्डाबरोबर गेला तर कार्ड गेलंय, मग वाद नाही. दोन्हीकडे भार देऊन पंधरा-वीस मिनिटं समोर बसून बघा. आम्ही त्या विद्यार्थ्याच्या वेळी नेमकं हेच केलं नव्हतं. दुकानदाराला हे करायला सांगायला लाजू नका.

मागून प्रश्न आलाय, कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त होतं का. व्हिडिओ आम्हीही पाहिलेत. चिपच्या खालच्या बारीक जोडण्यांना तडा गेला असेल तर उष्णतेने त्या तात्पुरत्या जुळतात, कार्ड काही दिवस, फार तर काही महिने चालतं, आणि पुन्हा जातं. अशा जोडण्या मोठमोठ्या कंपन्यांनाही महागात पडल्यात. जुलै २००८मध्ये एनव्हीडियाने चिप आणि तिच्या पॅकेजिंगच्या कमकुवत साहित्यापायी साडेएकोणीस कोटी डॉलरहून जास्त खर्च बाजूला काढला होता. त्यात मुख्यत्वे लॅपटॉप होते. तेव्हा घरच्या ओव्हनमध्ये, जिथे उद्या नानकटाई भाजायची आहे, तिथे हा प्रयोग करू नका.

आणि कार्ड खरंच गेलं, जुनं घ्यायचं ठरलं, तर एक ध्यानात ठेवा. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ला थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. सगळी वाईट नसतात, पण त्यांचे पंखे घासलेले असतात. विकणाऱ्यासमोर अर्धा तास भार देऊन चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, तापमान बघा, आणि मगच पैसे काढा. तो म्हणाला ‘वेळ नाही’, तर आपल्यालाही वेळ नाही.