फोन चालतो, अ‍ॅप थांबतं

ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा ‘क्लाउड एफएक्स’ भारतात विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत होती १,९९९ रुपये. साडेतीन इंची टचस्क्रीन, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि रॅम अवघी १२८ एमबी. त्याच्या आदल्या वर्षी गूगलने काटछाट करून अँड्रॉइड किटकॅट ५१२ एमबीत बसवलं होतं. त्याच्याही चौथ्या हिश्शात चालणारी प्रणाली म्हणजे मोझिलाची फायरफॉक्स ओएस. फोन संथ होता, हे खरं. पण तो चालत होता, आणि कसा चालत होता ते पाहण्यासारखं आहे.

या प्रणालीत तीन थर होते. तळाला ‘गॉंक’, म्हणजे लिनक्सचा गाभा आणि हार्डवेअरशी बोलणारे ड्रायव्हर. त्यावर ‘गेको’, फायरफॉक्स ब्राउझरचं इंजिन. आणि वर ‘गाया’, म्हणजे आपल्याला दिसणारा डायलर, घड्याळ, संपर्कयादी. हा वरचा थर सगळा एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. फोनमधला कॅल्क्युलेटरसुद्धा एक वेबपानच. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप आणि लिनक्स यांच्या मध्ये जावाधारित थराचा मोठा पसारा असतो, तोच इथे गाळला होता.

तरी १२८ एमबी म्हणजे अडचणच. समजा, ब्राउझरमध्ये एखादी बातमी उघडली आणि मधेच कॅमेरा सुरू केला. रॅम अपुरी पडली की लिनक्स आधी बराच वेळ न वापरलेला डेटा दाबून रॅमच्याच एका भागात ठेवतं. या तंत्राला झेडरॅम म्हणतात. छोट्या घरात पाहुणे आले की अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात रचावीत, तसंच हे. एवढ्यानेही भागलं नाही, तर मागे राहिलेलं अ‍ॅप सरळ बंद केलं जातं. फोटो काढून आपण परत येतो तेव्हा बातमी पुन्हा पहिल्यापासून लोड होऊ लागते, आणि या फोनला तर थ्रीजीही नव्हतं. वापरणाऱ्याला वाटतं, रेंज गेली. खरी टंचाई रॅमची असते.

डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने या प्रणालीचे स्मार्टफोन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तिचा कोड मात्र खुला होता. त्यातूनच कायओएस उभी राहिली आणि २०१७ मध्ये जिओफोनमधून भारतातल्या घराघरांत शिरली. १,५०० रुपये अनामत, ५१२ एमबी रॅम, टचस्क्रीनऐवजी बटणं. पडदा २४० गुणिले ३२० पिक्सेलचा, म्हणजे एकूण ७६,८०० ठिपके. आजच्या १०८० गुणिले २४०० पिक्सेलच्या फोनला याच्या जवळजवळ ३४ पट ठिपके रंगवावे लागतात. रॅम कमी लागते आणि बॅटरी टिकते, त्यामागे हे साधं गणित आहे.

म्हणजे यंत्राची बाजू भक्कम होती. घोडं अडलं ते अ‍ॅपपाशी. जिओफोनवर व्हॉट्सअ‍ॅप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अशा ‘दुहेरी बाजारपेठां’चा सिद्धांत मांडला. ग्राहक असतील तिथे अ‍ॅप लिहिणारे जातात आणि अ‍ॅप असतील तिथे ग्राहक. मागे पडलेल्या प्रणालीला दोन्ही बाजूंनी मार बसतो. मायक्रोसॉफ्टसारखी धनाढ्य कंपनीही यातून सुटली नाही. विंडोज फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप २०१९ च्या अखेरीस बंद झालं, तेव्हा कित्येक हँडसेट ठणठणीत होते.

याहून कमी बोललं जातं ते आतून येणाऱ्या म्हातारपणाबद्दल. कायओएस २.५ मधलं गेको २०१६ सालच्या फायरफॉक्स ४८ चं. फोन तिथेच थांबला, वेब मात्र पुढे गेलं. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र आपल्याजवळच्या विश्वासू मूळ प्रमाणपत्रांच्या यादीशी जुळवून पाहतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य साइटना फुकट प्रमाणपत्रं देते. तिला आधार असलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. नवं मूळ प्रमाणपत्र फायरफॉक्समध्ये आलं ते ५० व्या आवृत्तीपासून. ज्या जुन्या फोनांची यादी कुणी अद्ययावत केली नाही, त्यांना काल उघडणारी साइट आज असुरक्षित ठरली. फोनात काहीच बिघडलेलं नव्हतं.

म्हणून कमी चालणाऱ्या प्रणालीचा स्वस्त फोन घेणाऱ्याने कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी सुरक्षा-अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारावं. आपल्या बँकेची साइट त्या फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते का, हे दुकानातच पाहावं. गाणी, रेडिओ, बोलणं एवढ्यापुरता असा फोन मला आजही समंजस निवड वाटतो. पैशांच्या व्यवहारातही वाट काढता येते, हे मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या ‘यूपीआय १२३ पे’ने दाखवलं. साध्या फोनवरून कॉल करूनही त्यातून पैसे पाठवता येतात.

सरकारी सेवा अ‍ॅपच्या दारातून देताना हेच भान हवं. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर करायची असते. हातात बटणांचा फोन असेल, तर शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागावा लागतो. पिकाचा फोटो घेणं आणि शेताचे अक्षांश-रेखांश टिपणं ही दोन्ही कामं वेबपानालाही जमतात. अ‍ॅपच्या जोडीला, जुन्या ब्राउझरलाही पेलेल असं हलकं वेबपान ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि ते ठेवायला हवं.