पोटरीतली वाटणी

गोंदिया जिल्ह्यात धान पोटरीवर आले की शेतकरी बांधीतल्या पाण्याला फार जपतो. या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर पोचट दाणे वाढतात, हे त्याला ठाऊक असते. फुगलेल्या त्या पोटरीच्या आत, कोवळ्या फुलांत, याच सुमारास एक नाजूक वाटणी चाललेली असते.

धानाच्या पेशीत 24 गुणसूत्रे, म्हणजे 12 जोड्या असतात. परागकणात आणि अंडपेशीत प्रत्येक जोडीतले एकेकच जायला हवे. 11 किंवा 13 गेली तर तो परागकण बहुधा वांझ! या वाटणीला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. मग गुणसूत्रे मोजतो कोण? कोणीच नाही. बांधणारी आणि तोडणारी प्रथिने आपापल्या वेळी काम करतात, एवढेच.

प्रथम प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. मूळ व प्रत यांना ‘कोहेसिन’ हे प्रथिन बांगडीसारखे आवळून धरते. मग ‘स्पो-11’ हे प्रथिन डीएनएचा धागा चक्क तोडते! तुटलेले सांधताना जोडीदार गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात आणि त्या जागी एकमेकांत अडकून राहतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओढ लागली की रस्सीखेचीतल्या दोरासारखा ताण येतो. ताण आला म्हणजे जोडी बरोबर लागली.

आता ‘सेपरेज’ ही कात्री भुजांवरच्या बांगड्या कापते आणि जोडीदार वेगळे होतात. मूळ व प्रत मात्र इतक्यात सुटता कामा नयेत, कारण दुसरे विभाजन बाकी असते. म्हणून गुणसूत्रबिंदूपाशी ‘शुगोशिन’ राखण करते. जपानी शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थ आहे रक्षक देवता. आपला शिवेवरचा देवच म्हणा ना! दुसऱ्या विभाजनात ही राखण उठते आणि उरलेल्या बांगड्याही तुटतात.

या अदलाबदलीची झळ शेतकऱ्याला लागते. संकरित धानाचे घरचे बी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून बी दरवर्षी विकत आणावे लागते. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील व चीनमधील शास्त्रज्ञांनी धानाची तीन जनुके निकामी केली: एक तोडणीसाठी लागणारे, दुसरे कोहेसिनचा भाग घडवणारे, तिसरे दुसऱ्या विभाजनासाठी लागणारे. तुकड्यांची अदलाबदल थांबली आणि 24 गुणसूत्रे जशीच्या तशी अंडपेशीत उतरली. जनुकांत आणखी एक फेरफार केल्यावर त्या अंडपेशीपासून फलनाशिवायच गर्भ वाढला. अशा काही बिया हुबेहूब आईसारख्या निघाल्या. 2022 मध्ये एका संकरित धानात त्यांचे प्रमाण 95 टक्क्यांच्या वर गेले.