बाईंची पाच मिनिटं आणि वर्गातली घटिका

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतेय.

मी विवळवेढ्याजवळच्या एका पाड्यावर शिकवते. पहिली ते चौथी चार वर्ग आणि शिक्षक दोघंच. मी पहिलीला घेऊन बसले की दुसरीने आपापलं काम करायचं. "पाच मिनिटांत चित्र पुरं करा, मग वह्या काढा," हे माझं रोजचं वाक्य. आणि "वेळ संपला" म्हटलं की दुसरीतला एक मुलगा रोज खडू फेकून बाकाखाली जाऊन बसायचा. मी त्याला हट्टी समजत होते. एकदा तोच म्हणाला, "बाई, तुमची पाच मिनिटं मला दिसतच नाहीत."

खरंच होतं की! माझी पाच मिनिटं कधी तीनची असायची, कधी बाराची.

घड्याळ न वाचता येणाऱ्या मुलासाठी "पाच मिनिटं" हा नुसता आवाज असतो. पण आमच्या मुलांना वेळ कळत नाही असं नाही. महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते. चंद्र भरत आला की जत्रा जवळ आली, हे पाड्यावरचं लहान पोरही सांगतं. का? कारण ते डोळ्यांना दिसतं.

दिसणारा टायमर हेच करतो. किती वाजले हे तो सांगत नाही, किती उरलं ते दाखवतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत जॅन रॉजर्स या आईने "अजून किती वेळ?" असं सारखं विचारणाऱ्या आपल्या मुलीसाठी असं घड्याळ बनवलं. त्यातली लाल चकती हळूहळू कमी होत जाते. स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांना एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं फार जड जातं, त्यांना याचा जास्त आधार होतो.

पण ते विकत आणायलाच हवं असं नाही. आपल्याकडे घटिकापात्र होतंच. बुडाला भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. इथून जवळच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालशिक्षणाची साधनं केली. मीही तेच केलं. ॲल्युमिनियमच्या छोट्या वाटीला बारीक खिळ्याने भोक पाडलं, पाण्याने भरलेल्या बादलीत सोडली आणि मोबाइलवर वेळ मोजला. लवकर बुडाली तर भोक मोठं झालं, म्हणजे दुसरी वाटी घ्यायची. तिसऱ्या वाटीला पाच मिनिटं जमली.

पहिल्या आठवड्यात मात्र मी घोळ घातला. "बघू, वाटी बुडायच्या आत कोण संपवतं!" असं म्हणून बसले. झालं! अक्षरं वेडीवाकडी, आणि एक मुलगी काम सोडून वाटीकडेच बघत रडायला लागली. आधाराची वस्तू मीच धाकाची करून टाकली होती.

मग काही गोष्टी बदलल्या. शर्यत बंद. परीक्षेला आणि शिक्षेला वाटी वापरायची नाही. वाटी निम्मी भरली की मी हळूच सांगते, "आता आवरतं घ्या." पुढे काय करायचं ते आधीच फळ्यावर चित्राने काढून ठेवते. चित्र अर्धं राहिलं तर ते भिंतीवरच्या 'उरलेलं' पाकिटात जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याला वेळ मिळतो. हे पाकीट सगळ्यात महत्त्वाचं, बरं का! मुलं वेळ संपण्याला घाबरत नाहीत, हातातलं काम कायमचं जाईल याला घाबरतात.

आणि नियम मलाही लागू. वाटी बुडाली की माझं बोलणंही थांबतं.

तो मुलगा? अजूनही एखाद्या दिवशी बाकाखाली जातो. पण वाटी पाण्यात सोडायचं काम आता त्याचं आहे. परवा मी बोलतच राहिले, तर म्हणाला, "बाई, बुडाली."

तुमच्या वर्गात करून बघा आणि काय झालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!