तळ्याआधी त्यातला जीव पाहा

मत्स्यशेतीची चर्चा आपल्याकडे बहुधा तळ्यापासून सुरू होते. तळे किती गुंठ्यांचे, अस्तराला खर्च किती, अनुदान किती मिळणार. त्या तळ्यात राहणाऱ्या जिवाच्या शरीराचा विचार होतो तो बीज मेल्यावर किंवा मासा वाढला नाही तर. हा क्रम उलटा आहे. मासळीची शेती वर्षानुवर्षे टिकणार का, हे मुख्यतः त्या प्राण्याच्या जीवशास्त्रावर ठरते. कटला, रोहू आणि मृगळ यांचेच पाहा. हे नदीतले मासे तळ्यात उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात पुराचे वाहते पाणी लागले की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते आणि मगच अंडी बाहेर पडतात. म्हणून एके काळी बीज नदीतून गोळा करावे लागे, आणि त्यात शिकारी माशांची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले. पुराचे काम सुईने झाले. देशातल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीचा पाया त्या दिवशी घातला गेला, आणि १० जुलै हा दिवस आजही राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

रोगांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच ठळक होतो. नॉर्वेत पिंजऱ्यांत वाढवलेल्या सॅमन माशांना जिवाणूजन्य रोग होत, आणि १९८७ साली त्यांच्यावर सुमारे ५० टन प्रतिजैविके खर्ची पडली. पुढे लशी आल्या. आज तिथले सॅमनचे उत्पादन वर्षाला दहा लाख टनांहून अधिक आहे आणि प्रतिजैविकांचा वापर एका टनाच्या आत आला आहे. सॅमन हा कणा असलेला प्राणी. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, एकदा गाठ पडलेला जंतू त्याचे शरीर लक्षात ठेवते, म्हणून लस चालली. कोळंबीचे शरीर प्रतिपिंडे बनवतच नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आपल्या किनाऱ्यावरची कोळंबीची तळी ओस पाडली, तेव्हा ना लस उपयोगाची होती ना प्रतिजैविक. रोग तळ्यात येऊच न देणे हाच खरा उपाय होता. टायगर कोळंबीच्या अंडी देणाऱ्या माद्या मात्र समुद्रातून पकडून आणल्या जात, आणि विषाणू त्यांच्या अंगातूनच बीजकेंद्रात शिरे. २००९ मध्ये परवानगी मिळालेल्या वन्नमेई कोळंबीचे प्रजनक अनेक पिढ्या बंदिस्त जागेत, ठरावीक रोगांपासून मुक्त वाढवलेले असतात. आयात झाल्यावर चेन्नईत ते वेगळे ठेवून तपासले जातात. तरी रोगमुक्त बीज म्हणजे रोगाला दाद न देणारे बीज नव्हे. तेच पिल्लू दूषित पाण्यात सोडले तर आजारी पडते, आणि तळ्यात शिरलेला खेकडाही हा विषाणू घेऊन येतो. त्यामुळे खेकड्यांसाठी घातलेले कुंपण आणि पाण्याचे निर्जंतुकीकरण यांवरचा खर्च टाळता येण्यासारखा नाही.

यावर कोणी म्हणेल, शेतकरी बाजारभाव पाहून मासा निवडतो, शरीरशास्त्र पाहून नाही. खरे आहे. पण माशाचे शरीर त्या भावातून आपला वाटा काढून घेतेच. रायगडच्या जिताड्याला चांगली किंमत मिळते. तो मांसाहारी आहे, लहानपणी आपल्याच भावंडांना गिळतो, म्हणून पिल्ले आकाराप्रमाणे सतत वेगळी करावी लागतात. त्याच्या खाद्यात मासळीचे पीठ लागते, आणि ते तारलीसारख्या लहान माशांपासून बनते. म्हणजे एक मासा पोसायला समुद्रातले दुसरे उपसायचे. शिवाय जिताडा आधी नर असतो आणि बरीच वर्षे वाढल्यावर मादी होतो. खाडीतले मोठे जिताडे सगळेच बाजारात गेले तर अंडी द्यायला उरणार कोण? उलट कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गवत्या मासा वनस्पतींवर जगतो. हे चौघे एकत्र सोडले तर तळ्यातले खाद्य वाया जात नाही आणि समुद्रावरचा भारही हलका राहतो. जिताडा वाढवूच नये असे मी म्हणत नाही. त्याचा खर्च मोजताना तारलीही मोजावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नुकसानही याच विज्ञानाने केले. कोळंबीच्या मादीच्या डोळ्याच्या देठात अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक तयार होते, हे कळल्यावर बीजकेंद्रांनी तो देठ कापण्याची क्रूर पद्धत रूढ केली. कटला-रोहूसारख्या कार्प माशांची बीजकेंद्रे वाढली तशी थोड्याच प्रजनकांपासून पिढ्यान्‌पिढ्या बीज काढले गेले. जवळच्या नात्यातले संकर आणि जातींची सरमिसळ यांनी वाढ खुंटली. आक्षेप मला मान्य आहे, पण ही अर्धवट ज्ञानाची फळे आहेत. संप्रेरक टोचायला शिकलो, आनुवंशशास्त्र बाजूला ठेवले. याचे उत्तरही जीवशास्त्रातूनच आले. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर वेगवेगळ्या नद्यांतले रोहू एकत्र करून निवडक प्रजनन केले आणि ‘जयंती’ रोहू तयार झाला. त्याची वाढ दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास सुधारत गेली.

शिंपल्यांची शेती या सगळ्याहून निराळी आहे, आणि मला ती सर्वांत आशादायक वाटते. कालवे आणि शिनाणे यांना खाद्य द्यावेच लागत नाही. पाण्यातली सूक्ष्म शेवाळे गाळून ते वाढतात आणि पाणी नितळ करतात. मात्र गाळण्याच्या याच गुणामुळे सांडपाण्यातले जंतू आणि जड धातू त्यांच्या मांसात साठतात. कोकणातल्या खाड्यांत ही शेती वाढवायची तर आधी तिथे येणारे मैलापाणी थांबवायला हवे. सरकारी योजनांतला पैसा आज खड्डे, अस्तर आणि पिंजऱ्यांवर सहज खर्च होतो. त्यातला ठळक हिस्सा चांगल्या प्रजनकांची जपणूक, बीजाची रोगतपासणी आणि खाडीच्या पाण्याची नियमित परीक्षा यांसाठी राखून ठेवला पाहिजे. आणि बीज विकत घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने, दर विचारण्याआधी, ते कोणत्या प्रजनकांचे आणि कुठे तपासलेले, हे विचारावे.