बोक्याच्या वासावर अंघोळ हा उपाय नाही
आसनगाव-शहापूर पट्ट्यात भाताच्या घरात उंदरांसाठी मांजर हवेच असते, आणि स्टेशनजवळच्या नव्या इमारतींतही दारी आलेला भटका बोका लोक मायेने ठेवून घेतात. पावसाळी दमट हवेत घरभर उग्र वास सुटला की मात्र त्याला अंघोळ घालतात, ओरडतात, आणि शेवटी दूर रानात सोडून येतात. भटका म्हणजे घाणेरडा, या समजुतीतून हे घडते. वास्तविक मांजर चाटून चाटून स्वतःला स्वच्छ ठेवते. वास बहुधा त्याच्या अंगाचा नसतो, मूत्राचा असतो. वयात आलेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते आणि त्याच्या विघटनातून तो वास येतो. फेलिनिन तयार व्हायला मूत्रपिंडातले कॉक्सिन हे प्रथिन लागते, असे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. या साऱ्यावर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा ताबा असतो. शेपटी थरथरवत भिंतीवर मारलेली पिचकारी हा इतर मांजरांसाठी ठेवलेला निरोप असतो. ती खोड नव्हे, म्हणून मार देऊन सुटत नाही. उलट घाबरलेला बोका जास्तच फवारतो.

म्हणून खरा उपाय नसबंदीचा. तिच्यानंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांचे फवारणे थांबते किंवा बरेच कमी होते, आणि मूत्राचा उग्रपणाही उतरतो. मग तो उंदीर धरणार नाही, हा इथल्या शेतकऱ्याचा आक्षेप रास्त वाटतो, पण शिकारीची ओढ या संप्रेरकावर अवलंबून नसते. नसबंदीने मूत्रमार्ग अरुंद होतो, ही भीतीही अभ्यासांत टिकलेली नाही. वजन वाढते हे मात्र खरे, तेव्हा खाणे मोजून द्यावे. निसर्गाविरुद्ध वागणे क्रूर आहे असे म्हणणाऱ्यांनी नसबंदी न झालेल्या बोक्याच्या अंगावरच्या जखमा पाहाव्यात; मांजरांना एड्ससारखा आजार देणारा विषाणू मुख्यतः मारामारीतल्या चाव्यांतूनच पसरतो. शस्त्रक्रियेची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. तिथे सोय नसेल तर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय मध्य रेल्वेवरच आहे.

शस्त्रक्रियेनंतरही वास राहिला म्हणून ती फुकट गेली असे मानू नये. संप्रेरक ओसरायला काही आठवडे लागतात, शिवाय जुने डाग तसेच असतात. फिनेलने त्यांचा वास झाकला जातो, जात नाही. आणि त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नसल्याने पंजे चाटताना विषबाधा होऊ शकते. ब्लीच आणि मूत्रातला अमोनिया एकत्र आले की घातक वायू सुटतो. फरशीवर एन्झाइमयुक्त क्लीनर मुरू द्यावा. मातीची भिंत मात्र तेवढी खरवडून पुन्हा लिंपावी. पिचकारी बंद होऊनही दुर्गंधी येत असेल तर तोंड, कान आणि चावल्याची गळवे तपासून घ्यावीत. आणि बोका वारंवार बसून कुंथतो, पण मूत्र थेंबभरही येत नाही, असे दिसले तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली तर त्याचा जीव जाऊ शकतो. त्याला त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे.