फर्माईश, दाद आणि नभोवाणी

अभिजात संगीताच्या नभोवाणी-श्रोत्यांची अभिरुची ठरविताना अभ्यासकाचा हात साहजिकच प्रथम श्रोत्यांच्या पत्रांकडे जातो. अमुक रागाची मागणी किती जणांनी केली, अमुक गायकाविषयी अनुकूल अभिप्राय किती आले, याची मोजदाद करून 'लोकरुची' सिद्ध करण्याचा मोह होतो. परंतु ज्या काळात केंद्रावरील बहुतेक शास्त्रीय गायन प्रत्यक्ष, म्हणजे गायक ध्वनिगृहात गात असतानाच प्रक्षेपित होत असे, त्या काळातील पत्रांना हा न्याय लावता येत नाही. पत्र हे बैठकीतील फर्माईशीचे किंवा दादेचे लिखित रूप आहे, हे त्यामागील गृहीतकच तपासून पाहण्याजोगे आहे.

बैठकीतील फर्माईश ही निव्वळ मागणी नसते. गायकाचे तानपुरे मालकंसासाठी मध्यमावर लागलेले असताना कोणी मारव्याची फर्माईश केली, तर मारव्यात पंचम वर्ज्य असला तरी मध्यमही चालत नाही. पहिली तार निषादावर घेऊन सारी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. जाणता श्रोता म्हणून वेळ पाहून, गायकाचा गळा किती तापला आहे हे पाहून आणि आधी काय गाऊन झाले आहे हे ध्यानात ठेवून बोलतो. महाराष्ट्रातील बैठकीत ख्याल झाल्यावर नाट्यपदाची चिठ्ठी पुढे सरकते, तिलाही असाच एक ठराविक क्षण असतो. भैरवीची फर्माईश तर मैफल आटोपती घेण्याची सूचनाच होय. ही मागणी मान्य करावी, हसून टाळावी किंवा 'पुढच्या खेपेस' म्हणून लांबणीवर टाकावी, हे सर्व अधिकार गायकाकडे असतात. म्हणजेच फर्माईश हा त्या गायनाचाच एक भाग असतो.

नभोवाणीने नेमका हाच दुवा तोडला. मुंबईचे केंद्र 1927 च्या जुलैत सुरू झाले आणि 1935 च्या अखेरीस 'द इंडियन लिसनर' हे कार्यक्रमपत्र निघू लागले. गायकाशी करार आधीच होई. वेळेची मर्यादा मिनिटांत ठरलेली असे. कित्येकदा राग व बंदीशही अगोदर कळवाव्या लागत आणि त्या छापून येत. सकाळच्या सभेत सकाळचे राग, रात्रीच्या सभेत रात्रीचे, ही शिस्त तर होतीच. लाल दिवा लागल्यानंतर समोर घड्याळ, बाजूला साथीदार आणि काचेपलीकडे अधिकारी, एवढाच काय तो गायकाचा श्रोतृवर्ग. आपल्या घरी बसून ऐकणाऱ्याला एखादी जागा कितीही भावली तरी त्याची 'वाहवा' भिंतीपलीकडे जात नसे. त्याने दुसऱ्या दिवशी टपालात टाकलेले पत्र त्या गायनावर कोणताही परिणाम करू शकत नव्हते; झालाच तर पुढील करारावर. दाद गायकाला मिळते, पत्र कार्यालयाला मिळते. हा फरक लहान नाही.

याउलट 'आपली आवड' सारख्या कार्यक्रमांत मागणी पूर्णतः पुरविता येते, कारण मागितली जाणारी वस्तू तयार असते. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी मागणारा श्रोता सुमारे तीन मिनिटांची एक विशिष्ट तबकडी मागत असतो, आणि ती तशीच्या तशी त्याच्या पदरात पडते. 'यमन ऐकवावा' असे लिहिणारा मात्र काय मागतो? कोणाचा यमन, कोणती बंदीश, विलंबित किती वेळ? पत्रात याचे उत्तर क्वचितच असणार, आणि असले तरी प्रत्यक्ष गायनात ते तसेच उतरेल याची हमी गायकही देऊ शकत नाही. दोन्ही प्रकारच्या पत्रांना 'फर्माईश' हा एकच शब्द लावल्यामुळे बराच घोटाळा झाला आहे.

पत्रसंख्येविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. बा. वि. केसकर 1952 ते 1962 या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच चित्रपटगीतांवर निर्बंध आले, जुलै 1952 मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' गाजू लागली. असंख्य श्रोत्यांनी आपला अभिप्राय पत्राने न कळविता केवळ काटा फिरवून कळविला. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली, हे त्या न लिहिलेल्या अभिप्रायाचेच फळ मानावे लागते. दुसऱ्या टोकाला आज झारखंडात असलेले अभ्रकाच्या व्यापाराचे लहानसे गाव झुमरी तलैया. तेथून येणाऱ्या मागणीपत्रांमुळे त्याचे नाव देशभर झाले. परंतु त्यावरून तेथील अभिरुची इतर गावांहून उत्कट होती असे नव्हे, तर तेथे पत्रलेखनाची चढाओढ होती एवढेच सिद्ध होते. 1 मार्च 1940 पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली, तीही श्रोत्यांच्या मागणीवरून नव्हे. तो तज्ज्ञांचा व अधिकाऱ्यांचा निर्णय होता.

मग पत्रांचा उपयोग कशासाठी? संख्येसाठी नव्हे, तर शब्दांसाठी. गायन ओळखण्याची खूण श्रोता रागाच्या नावात शोधतो, घराण्यात, गायकाच्या आवाजात की ऐकण्याच्या वेळेत, हे त्याच्या वाक्यरचनेवरून कळू शकते. ज्याने बैठक कधी पाहिली नाही आणि ज्याचे सारे श्रवण पेटीसमोर झाले, अशा नव्या श्रोत्याची भाषा येथेच प्रथम कागदावर उतरली.

दादेचा शोध घ्यावयाचा तर तो अन्यत्र घ्यावा लागेल. 1954 मध्ये रेडिओ संगीत संमेलने सुरू झाली आणि निमंत्रित श्रोत्यांसमोरील गायन ध्वनिक्षेपित होऊ लागले. अशा मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत दाद ऐकू येते, आणि ती कोणत्या मात्रेवर आली हेही मोजता येते: समेवर, की समेच्या किंचित आधी, तिहाई ओळखू आल्याबरोबर. ही दाद अर्थातच निमंत्रितांची. घरी ऐकणाऱ्याला ती गायनाबरोबरच ऐकू येई आणि नकळत कोठे डोलावे हेही शिकवून जाई.