"उंदरांवर सिद्ध झालंय" म्हणजे नेमकं काय? : निरगुडी, सूज आणि दुखणं

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "निरगुडीचा अर्क सूज ४० टक्क्यांनी कमी करतो, रिसर्चने सिद्ध" अशा पोस्टचे स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलेत. आणि एकीनं थेट विचारलंय, "आजीच्या गुडघेदुखीच्या गोळ्या बंद करून हेच देऊ का?" प्रश्न चुकीचा नाहीये. पेनकिलर रोज घेतल्या तर पोटाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो. म्हणून आधी बघूया, हे ४० टक्के येतात कुठून. मी एम.फार्म. करताना अशाच चाचण्या केल्यात, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो.

अर्क म्हणजे काढा नव्हे

आधी वनस्पती तीच आहे ना, हे वनस्पतीतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं. मग पाला सावलीत वाळवायचा, भरड पूड करायची आणि ती अल्कोहोलसारख्या द्रावकात काढायची. द्रावक उडवून टाकला की उरतो तो चिकट, गडद अर्क. पाण्यात उकळलेल्या काढ्यात उतरणारे घटक वेगळे, अल्कोहोलमध्ये उतरणारे वेगळे. त्यामुळे अर्काचा निकाल काढ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

सुजेची चाचणी

सगळ्यात जास्त वापरली जाते ती १९६२ साली मांडलेली कॅराजिनन चाचणी. कॅराजिनन हा लाल समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ. प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता बघणाऱ्या समितीची परवानगी घेऊन उंदरांचे गट करतात. एका गटाला औषध नाही, एकाला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन, बाकीच्यांना अर्काचे वेगवेगळे डोस. साधारण तासाभरानं पंजात कॅराजिननचं छोटं इंजेक्शन देतात. पंजा सुजतो. मग दर तासाला त्याचं आकारमान मोजायचं.

समजा, औषध नसलेल्या गटात सूज ०.८० मिली वाढली आणि अर्काच्या गटात ०.४८ मिली. फरक ०.३२, म्हणजे ४० टक्के. झाला तुमच्या पोस्टचा आकडा तयार! पण लक्षात घ्या, ही काही तासांची ताजी सूज आहे. अर्कही बहुतेक वेळा सूज यायच्या *आधी* दिलेला असतो. आजीचा गुडघा मात्र वर्षानुवर्षं झिजतोय.

दुखणं मोजायचं कसं?

उंदीर काही "दुखतंय" म्हणून सांगत नाही. म्हणून त्याला साधारण ५५ अंशांच्या गरम प्लेटवर ठेवतात आणि तो किती सेकंदांनी पंजा चाटतो किंवा उडी मारतो, ते बघतात. इजा होऊ नये म्हणून ठरलेल्या वेळेला उचलून घेतात. इथे एक गोची आहे. अर्कानं उंदराला नुसती गुंगी आली, तरी तो उशिराच उडी मारणार. म्हणून फिरत्या दांड्यावर त्याचा तोल टिकतो का, हेही तपासावं लागतं. ही तपासणी नसेल, तर "वेदनाशामक" हा दावा कच्चा समजा.

डोसचं गणित

समजा उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी ढोबळमानानं त्याला ६.२ नं भागतात, म्हणजे किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला झाले जवळजवळ ४ ग्रॅम. आणि १० ग्रॅम पूडीतून १ ग्रॅम अर्क निघाला असं धरलं, तर सुमारे ४० ग्रॅम सुका पाला! चार पानं चावून हे होत नाही.

मग वनस्पती निरुपयोगी?

अजिबात नाही. विलो झाडाच्या सालीपासून सुरू झालेल्या शोधातूनच १८९७ साली अ‍ॅस्पिरिन आलं. आणि आपल्या पुण्यातल्या संशोधकांच्या पुढाकारानं सुंठ, गुळवेल, आवळा यांच्या अर्कांची गुडघ्याच्या संधिवातावर चाचणी झाली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, समोर ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब. २०१३ साली निकाल छापून आला: परिणाम या औषधांच्या तोडीचा होता. पण आयुर्वेदिक गटांतल्या काही रुग्णांमध्ये लिव्हरचं एक एन्झाइम वाढलेलंही दिसलं. माणसांवर नीट चाचणी केली, म्हणूनच दोन्ही गोष्टी कळल्या.

तेव्हा उत्तर सरळ आहे: गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. निरगुडीच्या पाल्यानं शेकल्यावर बरं वाटत असेल तर शेका, कातडी तेवढी सांभाळा. पण लेबल नसलेली "हर्बल" पावडर नकोच. अशा पावडरींमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचं आढळलेलं आहे.

पुढची पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा. चाचणी कोणावर झाली? डोस किती होता? आणि तुलना कशाशी केली? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर लिंक मला नक्की पाठवा. पुढच्या भागात आपण ती सोबत वाचू!